सायबर पाठलाग : व्याख्या, गणना आणि पीडितेची हानी

प्रास्ताविक

इंटरनेट आणि मोबाइल फोन यांच्या प्रसाराबरोबर स्त्रियांच्या छळाचे जे नवे प्रकार समाजात रूढ झाले, त्यांत सायबर पाठलागाचा क्रम बराच वरचा लागतो. या विषयावरील लेखनात दोन प्रश्न नेहमी जोडीने विचारले जातात. हा प्रकार किती प्रमाणात आढळतो, हा पहिला. आणि पीडित व्यक्तीवर त्याचे काय परिणाम होतात, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आकड्यांत आणि दुसऱ्याचे मानसशास्त्राच्या परिभाषेत देण्याची प्रथा आहे. वास्तविक हे दोन प्रश्न परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. परिणामाला व्याख्येत किती स्थान दिले जाते यावर प्रमाण ठरते, आणि प्रमाण किती दिसते यावर परिणामाकडे पाहण्याची समाजाची व शासनाची वृत्ती ठरते.

हाराल्ड ड्रेसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला जर्मन अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. त्या काळी जर्मन विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेल्या एका सामाजिक संकेतस्थळाच्या ६,३७९ सदस्यांनी या अभ्यासाची प्रश्नावली भरून दिली. आयुष्यात कधी ना कधी इंटरनेटवरून छळ झाला, एवढाच निकष लावला तेव्हा सुमारे ४३ टक्के सदस्य पीडितांत मोडले. छळ किमान दोन आठवडे चालला आणि त्यामुळे भीती उत्पन्न झाली, ही दोन बंधने घालताच प्रमाण ६.३ टक्क्यांवर आले. माणसे तीच होती, प्रश्नावली तीच होती, घडलेले प्रसंगही तेच होते. मधली सदतीस टक्के माणसे केवळ व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर राहिली.

भारतीय कायद्याने हा उंबरठा निराळ्याच ठिकाणी घातला आहे. तेथे कालावधीची अट नाही आणि भीतीचीही नाही. वरवर पाहता ही उदारता वाटते. परंतु पीडितेची हानी व्याख्येतून वगळल्यामुळे हा कायदा अधिक व्यापक झाला की अधिक आंधळा, याची चिकित्सा मराठीत फारशी झालेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न असून तुलनेसाठी जर्मनीचाच आधार घेतला आहे. कारण पीडितेच्या हानीला व्याख्येत नेमके कोठे बसवावे याबाबत त्या देशाने चौदा वर्षांत आपली भूमिका दोनदा बदलली.

पाठलाग, पाळत आणि पिच्छा

'स्टॉकिंग' या शब्दाला मराठीत 'पाठलाग' हा प्रतिशब्द रुळला आहे. तो सोयीचा असला तरी पुरेसा नाही. पाठलाग म्हटले की पुढे चालणारी आणि मागून येणारी अशा दोन व्यक्ती आणि त्यांच्यामधला रस्ता डोळ्यांपुढे येतो. पाठलाग दिसतो, घरात शिरून दार लावले की तो संपतोही. 'पाळत' या शब्दात लपून पाहणे आहे, पण पाहिले जाणाऱ्या व्यक्तीला त्याची जाणीव असेलच असे नाही. मराठीतील तिसरा शब्द 'पिच्छा' मात्र या अनुभवाच्या सर्वांत जवळ जातो. 'पिच्छा पुरवणे' आणि 'पिच्छा न सोडणे' या वाक्प्रयोगांत ज्याचा पिच्छा पुरवला जातो त्याला स्वास्थ्य लाभत नाही, हा अर्थ मुळातच अंतर्भूत आहे. भारतीय कायद्याच्या व्याख्येत, पुढे दिसेल त्याप्रमाणे, पाठलाग आहे आणि पाळतही आहे. पिच्छा नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. सायबर पाठलागात पाठलाग करणारा मागे असतोच असे नाही. तो कोठे आहे आणि पुष्कळदा कोण आहे हेही ठाऊक नसते. अमेरिकेच्या न्याय सांख्यिकी विभागाने २००६ साली केलेल्या पाठलागविषयक सर्वेक्षणात ४६ टक्के पीडितांनी आपल्या भीतीचे स्वरूप सांगताना 'पुढे काय होईल याचा अंदाज नसणे' याचा निर्देश केला होता. मारहाणीची भीती ही एका विशिष्ट गोष्टीची भीती असते. अंदाज नसण्याच्या भीतीला आकार नसतो. त्याच सर्वेक्षणात पाठलागाच्या सुमारे एकचतुर्थांश पीडितांनी ई-मेल वा तत्सम साधनांचा वापर झाल्याचे सांगितले होते. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच प्रमाण ८० टक्के झाले. प्रश्नांच्या रचनेतील फरक लक्षात घेतला तरी एक गोष्ट निश्चित म्हणता येते : तंत्रज्ञानाशिवाय होणारा पाठलाग आता अपवाद ठरू लागला आहे, आणि 'सायबर' हे विशेषण हळूहळू अनावश्यक होत आहे.

जर्मन सर्वेक्षणाच्या मर्यादा

ड्रेसिंग यांच्या अभ्यासाचे महत्त्व नाकारता येत नाही. सायबर पाठलागाचे स्वरूप प्रत्यक्ष पाठलागाशी बरेच मिळतेजुळते आहे, पीडितांत स्त्रियांचे आणि पाठलाग करणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण अधिक आहे, आणि पूर्वीचा जोडीदार हाच पुष्कळदा पाठलाग करणारा असतो, हे त्याने मोठ्या नमुन्याच्या आधारे दाखवले. इंटरनेटवरील छळ म्हणजे अनोळखी विकृतांचा उद्योग, हा लोकप्रिय समज त्यामुळे खोटा ठरतो.

परंतु परिणामाच्या मोजमापाबाबत या अभ्यासावर आक्षेप घेता येतो. पीडितांचे मानसिक स्वास्थ्य मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली वापरण्यात आली. मन आनंदी होते का, शांत होते का, अंगात उत्साह होता का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, दैनंदिन जीवनात रस वाटला का, अशी ती विधाने आहेत आणि ती गेल्या दोन आठवड्यांपुरती आहेत. पीडितांचे गुण इतरांपेक्षा लक्षणीय प्रमाणात कमी आले. हा निष्कर्ष अपेक्षित होता, अपुराही होता. ज्या मुलीचा छळ तीन वर्षांपूर्वी संपला, जिने त्यापायी अभ्यासक्रम सोडला आणि जी आता दुसऱ्या शहरात नीट झोपते, ती या मापनात निरोगी ठरते. झोप परत येते. अभ्यासक्रम परत येतोच असे नाही.

याउलट मिशेल पाथे आणि पॉल मलन यांनी ऑस्ट्रेलियात शंभर पीडितांचा अभ्यास करून १९९७ साली जे मांडले ते आजही मार्गदर्शक आहे. तो काळ इंटरनेटच्या प्रसारापूर्वीचा होता आणि नमुनाही लहान होता. मदतीसाठी आलेल्यांचाच असल्यामुळे तो प्रातिनिधिक म्हणता येणार नाही. परंतु त्यांनी मनःस्थितीबरोबर जीवनक्रमही विचारला. ९४ टक्के पीडितांनी आपल्या दैनंदिन जीवनात मोठे बदल केले होते. ५३ टक्क्यांनी नोकरी बदलली वा सोडली होती आणि ३९ टक्क्यांनी घर बदलले होते. आघातोत्तर तणावविकाराचे निकष ३७ टक्के व्यक्ती पूर्ण करत होत्या, तर २४ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. हानी म्हणजे केवळ मनाला झालेली इजा नव्हे, तर आयुष्यातून वजा झालेल्या गोष्टींची यादीही होय, ही जाणीव या अभ्यासात आहे.

दोन आठवड्यांच्या अटीचे मूळही याच संशोधकगटाच्या नंतरच्या कामात आहे. पर्सेल, पाथे आणि मलन यांनी २००४ मध्ये असे दाखवले की, अनाहूत त्रास दोन आठवड्यांच्या पुढे गेला की तो दीर्घकाळ चालण्याचा संभव बराच वाढतो. प्रत्यक्ष पाठलागाच्या बाबतीत हा निकष समर्थनीय आहे, कारण तेथे पाठलाग करणाऱ्याला दररोज वेळ आणि श्रम खर्च करावे लागतात. इंटरनेटवर एका रात्रीत केलेली एक कृती वर्षभर फळे देत राहते. एखाद्या मुलीचा दूरध्वनी क्रमांक अश्लील मजकुरासह एकदाच टाकला तर पाठलाग करणाऱ्याने काम एकदाच केले. पण तिचा फोन महिनोन्महिने वाजत राहतो. कालावधी कोणाचा मोजायचा, करणाऱ्याचा की सोसणाऱ्याचा, हा प्रश्न या व्याख्येला पडलेला नाही.

जर्मन कायद्याचा धडा

जर्मनीने मार्च २००७ मध्ये आपल्या दंडसंहितेत कलम २३८ समाविष्ट करून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. या कलमाची मूळ रचना परिणामकेंद्री होती. आरोपीच्या कृत्यामुळे पीडित व्यक्तीच्या जीवनक्रमात गंभीर बाधा आली हे सिद्ध झाल्याखेरीज गुन्हा पूर्ण होत नसे. पाथे आणि मलन यांनी नोंदवलेली हानी कायद्याने जणू आपल्या मजकुरात उतरवून घेतली होती. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मात्र त्याचा अर्थ असा झाला की, जिने घर बदलले, नोकरी सोडली, बाहेर पडणे बंद केले, तिची तक्रार टिके. जिने धीर धरून आपले नित्याचे आयुष्य चालू ठेवले, तिच्या तक्रारीला आधार उरत नसे. धैर्याची किंमत संरक्षण गमावून द्यावी लागत होती.

ही विसंगती दूर करण्यासाठी २०१७ मध्ये कलमात दुरुस्ती झाली. बाधा प्रत्यक्ष यावी ही अट काढून, कृत्य तशी बाधा आणण्यास योग्य असले की पुरे, असे ठरवण्यात आले. २०२१ च्या दुरुस्तीने हा उंबरठा आणखी खाली आणला. शिवाय पीडितेच्या माहितीत अनधिकृत शिरकाव करणे, तिची छायाचित्रे पसरवणे आणि तिच्याच नावाने बदनामीकारक मजकूर प्रसृत करणे ही कृत्ये स्पष्टपणे नोंदवली. पीडितेची माहिती वापरून त्रयस्थांना तिच्याशी संपर्क साधण्यास प्रवृत्त करणे हे तर २००७ च्या मूळ मजकुरातच होते. या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व भारतीय उदाहरणांकडे वळताच लक्षात येते.

भारतीय व्याख्येत काय बसत नाही

भारतातील सायबर पाठलागाचे पहिले प्रकरण म्हणून ज्याचा निर्देश केला जातो, ते २००१ च्या सुमारास दिल्लीत उघडकीस आले. एका पुरुषाने एका विवाहितेच्या नावाने इंटरनेटवरील गप्पांच्या दालनात अश्लील संभाषण केले आणि तिचा दूरध्वनी क्रमांक अनोळखी लोकांना दिला. वेळी-अवेळी येणाऱ्या फोनमुळे हैराण झालेल्या त्या स्त्रीने पोलिसांत धाव घेतली. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० मध्येच अमलात आला होता, पण तो प्रामुख्याने व्यापारी व्यवहारांसाठी रचलेला असल्याने या कृत्याला त्यात जागा नव्हती. परिणामी गुन्हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०९ खाली, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान या सदरात, नोंदवावा लागला. १८६० च्या त्या कलमात स्त्रीला ऐकू जावे वा दिसावे या हेतूने उच्चारलेला शब्द अथवा केलेला हावभाव अपेक्षित आहे. येथे आरोपीचा एकही शब्द त्या स्त्रीसाठी नव्हता. ते सारे इतरांसाठी होते. चेन्नईच्या न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये ज्या प्रकरणात शिक्षा दिली, त्याचे स्वरूपही असेच होते. विवाहाला नकार देणाऱ्या एका घटस्फोटित स्त्रीविषयी अश्लील मजकूर प्रसृत करण्यात आला आणि तो वाचून इतरांचे फोन तिला येऊ लागले. तक्रारीपासून निकालापर्यंत जेमतेम सात-आठ महिने लागले, म्हणून या खटल्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते.

आता २०१३ मध्ये आलेल्या कलम ३५४-ड च्या निकषावर ही दोन्ही प्रकरणे ताडून पाहावीत. या कलमानुसार पाठलागाचे दोन प्रकार आहेत. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शवूनही वैयक्तिक संबंध वाढवण्यासाठी तिचा वारंवार माग काढणे व तिच्याशी संपर्क साधणे वा साधण्याचा प्रयत्न करणे, हा पहिला. आणि तिच्या इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधनांच्या वापरावर लक्ष ठेवणे, हा दुसरा. दिल्लीतील आरोपीने त्या स्त्रीशी स्वतः संपर्क साधला नव्हता आणि ती इंटरनेटवर काय करते यावर लक्षही ठेवले नव्हते. त्याने तिचे नाव घेऊन भलत्यांनाच तिच्या मागे लावले. ज्या प्रकरणामुळे सायबर पाठलाग हा शब्द भारतात परिचित झाला, ते प्रकरण सायबर पाठलागाच्या भारतीय व्याख्येत बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क, ६६-ड, ६७ इत्यादी कलमांखाली तोतयेगिरी वा अश्लीलतेबद्दल कारवाई करता येईल, हे खरे. परंतु मग गुन्ह्याचे नाव बदलते; त्याबरोबर त्याची नोंद बदलते, आणि तपासात काय शोधायचे तेही बदलते.

ही उणीव अनवधानाने राहिली असे म्हणणे कठीण आहे. दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि ३ फेब्रुवारी रोजी वटहुकूम निघाला. त्या वटहुकुमातील पाठलागाची व्याख्या 'व्यक्ती' या शब्दाने केली होती, केवळ 'स्त्री' या शब्दाने नव्हे. तिच्यात वर सांगितलेल्या दोन प्रकारांखेरीज टेहळणीचा तिसरा प्रकार होता, आणि हिंसेची भीती, गंभीर धास्ती वा मनस्ताप उत्पन्न होणे किंवा मनःशांती ढळणे या परिणामांचा स्पष्ट उल्लेख होता. शब्दरचना ढिली होती. हा परिणाम केवळ टेहळणीला जोडायचा की तिन्ही कृत्यांना, याबद्दल दुमत संभवत होते. त्यावरचा उपाय शब्द नेमके करणे हा होता. मार्चमध्ये संसदेने कायदा संमत केला तेव्हा तो तिसरा प्रकार पूर्णपणे गळाला आणि त्याबरोबर भीती, मनस्ताप व मनःशांती हे शब्दही गेले. पहिला गुन्हा जामीनपात्र करण्यात आला. लोकसभेतील चर्चेत एका ज्येष्ठ सदस्याने, मुलींच्या मागे कोण फिरले नाही, अशा आशयाचा प्रश्न सभागृहाला विचारला होता. हा तपशील केवळ गमतीचा नाही. पाठलागाकडे प्रेमाच्या व्यवहारातील किंचित अतिरेक म्हणून पाहण्याची दृष्टी 'वैयक्तिक संबंध वाढवण्यासाठी' या कायद्याच्या शब्दांतही उतरलेली आहे. सूड उगवण्यासाठी, धाक घालण्यासाठी वा केवळ छळण्याच्या आनंदासाठी केलेला पाठलाग या शब्दांत कसा बसवायचा, हा प्रश्न मग न्यायालयावर सोपवला जातो.

परिणामाचा उल्लेख गळाल्याचे समर्थनही करता येते. भीती सिद्ध करण्याचे ओझे पीडितेवर पडत नाही, आणि जर्मनीच्या पहिल्या दहा वर्षांतील विसंगती भारतात उद्भवत नाही. हे समर्थन सयुक्तिक आहे, आणि वटहुकुमातील शब्द जसेच्या तसे परत आणावेत असे कोणी म्हणू नये. परंतु जर्मनीने अट काढताना परिणामाची कल्पना सोडली नाही. कृत्य कोणत्या प्रकारची हानी करण्यास योग्य आहे, हा प्रश्न न्यायालयापुढे कायम ठेवला. भारतात तो प्रश्नच उरला नाही. शंभर निरनिराळ्या खात्यांवरून पाठवलेले शंभर संदेश आणि तीनदा पाठवलेला 'कशी आहेस' हा संदेश, यांतील फरक सांगण्याचे साधन कलमापाशी नाही.

'स्पष्ट अनिच्छा' या शब्दांचाही येथे विचार आवश्यक आहे. खाते ब्लॉक करणे ही अनिच्छा स्पष्ट मानावी का? मानावी असेच सामान्य बुद्धी सांगते. पण आरोपी नव्या नावाने आला तर ही अनिच्छा त्याच्याप्रती दर्शवली होती असे दाखवण्यासाठी दोन्ही खाती एकाचीच असल्याचे आधी सिद्ध करावे लागते. पूर्वीच्या जोडीदाराच्या बाबतीत अडचण उलट आहे. तेथे ओळख निर्विवाद असते, परंतु आधीच्या शेकडो प्रेमळ संदेशांचा साठा आरोपीच्या हाती असतो आणि अनिच्छा नेमकी कोणत्या दिवशी सुरू झाली यावर उलटतपासणी होते. ड्रेसिंग यांच्या अभ्यासानुसार सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच आहे.

याच काळात दुसरे एक कलम आले आणि गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आले. उपद्रव देण्यासाठी सातत्याने पाठवलेल्या संदेशांचा त्यात समावेश असल्याने पाठलागाच्या तक्रारींत ते उपयोगी पडू शकत होते. परंतु त्याचे शब्द इतके सैल होते की, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली ती याच कलमाच्या आधारे. स्त्रियांच्या संरक्षणास जे शस्त्र चालले असते ते स्त्रियांवरच चालले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. मात्र त्यातून पडलेली पोकळी नेमक्या शब्दांनी भरण्याचे काम केंद्राने केले नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेल्या शक्ती विधेयकात संपर्कसाधनांद्वारे होणाऱ्या स्त्रियांच्या छळासाठी वेगळी तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. भारतीय न्यायसंहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हा दीडशे वर्षांची दंडसंहिता बदलण्याची संधी मिळाली होती. पाठलागाचे कलम ३५४-ड चे कलम ७८ झाले. व्याख्या तीच राहिली. पुरुष आणि तृतीयपंथी पीडितही पूर्वीप्रमाणेच तिच्याबाहेर राहिले.

आकडे कशाचे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार स्त्रिया व बालके यांच्या सायबर पाठलाग व छळाची २०१७ मध्ये ५४२ आणि २०१८ मध्ये ७३९ प्रकरणे देशभरात नोंदली गेली. २०१८ सालीच पाठलागाच्या सर्व प्रकारांची मिळून ९,४३८ प्रकरणे नोंदली होती, आणि एकूण सायबर गुन्हे २७,२४८ होते. ही एकूण संख्या २०२३ मध्ये ८६,४२० वर गेली. सव्वाशे कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात वर्षभरात साडेसातशेहून कमी सायबर पाठलाग घडले, असे कोणताही सुजाण वाचक मानणार नाही. तरीही 'गुन्ह्यांत ३६ टक्क्यांनी वाढ' अशा मथळ्यांसाठी हेच आकडे वापरले जातात.

तक्रार करण्यातील संकोच हे याचे एक कारण आहे आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गणनेच्या पद्धतीतील कारण कमी परिचित आहे. एकाच प्राथमिक माहिती अहवालात अनेक गुन्हे असतील तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्ह्याखालीच प्रकरण मोजण्याचा विभागाचा नियम आहे. पाठलाग करणाऱ्याने पुढे खंडणी मागितली, हल्ला केला वा बलात्कार केला तर ते प्रकरण त्या त्या सदरात जाते आणि पाठलागाच्या स्तंभातून नाहीसे होते. याचा अर्थ असा की, ज्या पाठलागांचा परिणाम सर्वांत भीषण झाला, नेमके तेच पाठलाग म्हणून मोजले जात नाहीत. स्तंभात उरतात ती तुलनेने सौम्य प्रकरणे. त्यांवरून हा गुन्हा सौम्य असल्याचा ग्रह दृढ झाला तर नवल नाही.

घरातली हानी

भारतीय परिस्थितीत परिणामाचा आणखी एक थर आहे, जो जर्मन वा ऑस्ट्रेलियन प्रश्नावलीत दिसणार नाही. येथे मुलीचा दूरध्वनी क्रमांक पसरला की फोन तिच्याबरोबर वडिलांना आणि भावालाही येतात. ओडिशा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ज्या प्रकरणात आरोपीला जामीन नाकारला, त्यात एका विद्यार्थिनीविषयीचा अश्लील मजकूर तिच्या वडिलांच्या फोनवरही पोहोचला होता. तिच्या नावाचे बनावट फेसबुक खाते उघडले गेले होते आणि वसतिगृहाच्या भिंतीवर पत्रकेही चिकटवली होती. आभासी आणि प्रत्यक्ष यांतील सीमारेषा अभ्यासकांच्या कोष्टकांत असते, त्या मुलीच्या आयुष्यात नव्हती.

घरापर्यंत पोहोचलेल्या अशा छळावर पुष्कळ कुटुंबांचा उपाय ठरलेला असतो : मुलीचा फोन काढून घेणे, शिक्षण थांबवणे, लग्न उरकून टाकणे. यातील कशासाठीही कोणी तिला धमकावलेले नसते. हे सारे तिच्या भल्यासाठी होते, आणि म्हणूनच ते कोणत्याही तक्रारीत, जबाबात वा सर्वेक्षणात हानी म्हणून लिहिले जात नाही. पाठलाग करणाऱ्याला जे साधायचे असते, म्हणजे तिने वावरणे सोडावे, ते काम घरचीच माणसे मायेपोटी पूर्ण करतात. दुसरीकडे, ज्या तरुणीची उपजीविका वा शिक्षण फोनवर अवलंबून आहे तिला 'खाते बंद करून टाक' हा सल्ला देणे म्हणजे रस्त्यात छेड काढली जाते म्हणून घराबाहेर पडू नकोस, असे सांगण्यासारखेच आहे. तो सल्ला पोलीस ठाण्यांतही ऐकू येतो.

शिक्षेपेक्षा थांबवणे अधिक निकडीचे असते, ही बाब जर्मनीने २००२ पासून लागू असलेल्या हिंसासंरक्षण कायद्यात ओळखली. तेथे दिवाणी न्यायालय पाठलाग करणाऱ्याला दूरसंपर्काच्या साधनांनीही संपर्क साधू नये असा आदेश देऊ शकते. भारतात अशी तरतूद अगदीच नाही असे नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम १८ नुसार इलेक्ट्रॉनिक वा दूरध्वनी संपर्कावर बंदी घालता येते. परंतु हा आदेश केवळ कौटुंबिक नात्यातील प्रतिवादीविरुद्ध मिळतो. पतीविरुद्ध तो मिळेल. महाविद्यालयातील सहाध्यायी, कार्यालयातील सहकारी, नकार मिळालेला ओळखीचा तरुण यांच्याविरुद्ध मिळणार नाही. तेथे कलम ७८ आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला जामीन आहे. जामिनावर सुटलेला माणूस घरी जाऊन पुन्हा फोन हातात घेतो. त्याने तिच्याशी संपर्क साधू नये असा तातडीचा आदेश मिळवण्याची सोपी वाट तिच्यापाशी नसते.

व्याख्येत हानीला जागा नसल्यामुळे न्यायालयांना ती अन्यत्र शोधावी लागते. पश्चिम बंगालमधील तमलुक येथील न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये एका तरुणाला पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. त्याने पूर्वीच्या मैत्रिणीची खाजगी दृश्ये तिच्या संमतीविना इंटरनेटवर टाकली होती. त्याच्यावरील आरोपांत पाठलागाचे कलमही होते. शिक्षेबरोबर पीडितेला भरपाई मिळावी असे न्यायालयाला वाटले, परंतु तिच्या वाट्याला आलेली हानी भरपाईच्या कोणत्या सदरात बसवायची हा प्रश्न होता. अखेरीस तिला बलात्कारपीडिता समजून भरपाई द्यावी, असा निर्देश न्यायालयाने राज्य शासनाला दिला.